सासूबाईंचं माहेर उजनीत आहे: दोन फेऱ्यांची हकीकत

काटेसावर
९ जून २०२४, रात्री ९:४०

आधी एक खुलासा. गावाचं नाव लिहिणार नाही. दीडशे उंबऱ्यांचं गाव होतं, नाव लिहिलं की दुसऱ्याच प्रतिसादात कुणीतरी "म्हणजे अमक्यांच्या सूनबाई का?" विचारणार. इंदापूर तालुका, भीमेचा काठ, पळसदेवपासून फार लांब नाही, एवढं पुरे.

सासूबाईंना आम्ही सगळे आक्का म्हणतो. वय सत्तर. त्यांचं माहेर उजनीत गेलं. "गेलं" हा त्यांचा शब्द, "बुडालं" म्हटलेलं त्यांना चालत नाही. लग्न १९७३ चं, बहात्तरचा दुष्काळ सरल्यावरचं. धरण पुरं झालं १९८० साली. पाणी चढायच्या आधी भावांनी घर उतरवलं. वासे, तुळया, चौकटी, फरश्या, जे जे निघेल ते बैलगाडीत घालून वर माळावर नव्या गावठाणात नेलं. आक्का तेव्हा पुण्यात, धाकट्याच्या बाळंतपणात. नंतर गेल्या त्या थेट नव्या गावातच. तेव्हापासून माहेर म्हणजे माळावरचं ते घर.

यंदा उजनी जी उतरायला लागली ती थांबेचना. रोज बातमीत उणे अमुक टक्के. पळसदेवचं मंदिर उघडं पडल्याचे व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेले असतील. आक्कांच्या भाच्यानं सांगितलं की आपलं जुनं गावठाणही वर आलंय. झालं, नवऱ्याच्या डोक्यात सरप्राईज शिरलं. आक्कांना काही बोलायचं नाही, "भिगवणला मित्राच्या शेतावर जाऊन येऊ" म्हणून गाडीत बसवायचं आणि थेट गावात नेऊन उभं करायचं. मी म्हटलं, विचार तरी. तर म्हणे, विचारलं की मजा गेली.

रविवार, १२ मे. निघेनिघेपर्यंत नऊ वाजले. आधी पळसदेव. तिथं जत्राच भरली होती. गाड्या, गोळेवाला, डोक्यावर घोंगावणारा ड्रोन. एक पोरगा बुटांसकट देवळाच्या कठड्यावर चढून फोटो काढून घेत होता. आक्कांनी चपला काढल्या, तापल्या मातीत अनवाणी चालत गेल्या, बाहेरूनच हात जोडले आणि परत फिरल्या. "आत नाही गेलात?" म्हटलं. तर म्हणाल्या, "पळसनाथ वर न्हेलाय की नव्या गावात. आत कोण हाय आता?"

मग गाडीत नवऱ्यानं पडदा उघडला. "आक्का, आता तुझ्या जुन्या गावाला!" मला वाटलं डोळ्यांत पाणी वगैरे येईल. आक्का खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आन् ओटीचं सामान?"

आम्ही गप्प.

"पन्नास वर्षांनी माहेरच्या शिवंत पाय ठिवायचा आन् मोकळ्या हातानं? साडी बघ कसली नेसलीया मी. घरातली." पुढं जे ऐकून घेतलं ते लिहीत नाही. भावाकडे तरी चला म्हणून नव्या गावात गेलो. न कळवता पाच माणसं दारात आल्यामुळं मामीची धांदल, आक्कांना त्याची लाज, लाजेचा राग परत आमच्यावर. त्यात त्या घराची चौकट जुन्या घरातलीच बसवलेली आहे, चांगली बुटकी. नवऱ्याचं डोकं तिथं खाडकन आपटलं. "ही आमची खरी चौकट. वाकून यायचं आस्तंय," एवढंच आक्का बोलल्या. चार वाजेपर्यंत ओसरीवर बसलो, खाली गावात कुणी उतरलंच नाही. परतीच्या वाटेवर चौफुला येईपर्यंत गाडीत चकार शब्द नाही.

त्यानंतर २१ मेला ती वाईट घटना झाली. कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. नवरा म्हणाला, आता नावच नको काढायला. पण आक्कांनी परस्पर फोन लावले होते. भाच्याला, मामीला आणि करमाळ्याकडं दिलेल्या एका मैत्रिणीला. आम्हाला हुकूम आला: १ जूनला दुपारी निघायचं, मुक्काम भावाकडं, दोन तारखेला पहाटे खाली उतरायचं. बोटीचा संबंध नाही, ट्रॅक्टरनं जायचं.

या मैत्रिणीचं नाव मी चोवीस वर्षांच्या संसारात एकदाही ऐकलं नव्हतं. आडाच्या पलीकडच्या घरातली. दोघींची गाठ मधे कुणाकुणाच्या लग्नात पडली असेल तेवढीच. रात्री दोघी अंगणात बाजेवर पडून बोलत होत्या. मला जाग आली तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते आणि बोलणं चालूच होतं.

सहाच्या आत ट्रॉलीत गादी टाकून निघालो. उतारावर ऊस संपतो, मग बाभळी, मग एकदम उघडी काळी जमीन लागते, भेगाळलेली. शिंपले पायाखाली कडकड वाजतात. पाणी जसं मागं सरतं तशा लोकांनी मोटारी पुढं पुढं नेलेल्या, त्यांच्या केबली आणि पाइप मैलभर पसरलेले. आणि मधे मधे हिरवेगार तुकडे: गाळपेर, म्हणजे पाणी सरलेल्या गाळात केलेली पेरणी. भाच्यानंही चाऱ्याला मका केलाय.

आणि गाव? गाव नव्हतंच. मातीच्या भिंती केव्हाच विरघळल्या. जोत्यांचे दगड तेवढे इथंतिथं. आक्का एका ठिकाणी उभ्या राहिल्या, म्हणाल्या हे आमचं. मैत्रीण म्हणाली, न्हवं, हे तेल्याचं. दोघी अर्धा तास फिरल्या, काही जुळेना. आक्कांचा चेहरा बघवत नव्हता. शेवटी भाचा म्हणाला, "आत्या, त्या तिकडं मी पाइप अडकवतो, तिथं दगडाचं कडं हाय. बघा बरं."

त्यानं खोऱ्यानं गाळ ओढला. आड होता. आतून काठोकाठ बुजलेला, वरचं कडं शाबूत. कड्याच्या आतल्या कडेला दोरानं पडलेल्या खाचा. मी बोट घालून बघितलं, पहिलं पेर पुरतं आत जातं. गुळगुळीत, साबण लावल्यासारखं. मैत्रीणबाईंनी पदरानं एकेक खाच पुसत मोजल्या: नऊ. मग दोघी कड्याच्या दोन अंगांना समोरासमोर उभ्या राहिल्या, न ठरवता, आपापल्या जागी. "ही आमची." "आन् ही माझी." आणि भांडण सुरू. कुणाची खाच खोल? म्हणजे कुणी जास्त पाणी शेंदलं? आक्का म्हणाल्या, आमच्यात खाणारी तोंडं बारा. मैत्रीण म्हणाली, तू कुठं शेंदत हुतीस, तुझी आई शेंदायची, तू नुसती पोहरा धरायचीस. आम्ही सगळे बघत उभे.

एकदा आड सापडल्यावर घर सापडायला मिनिट लागलं नाही. आक्का चालत गेल्या आणि मक्याच्या कडेला थांबल्या. भाचा ओशाळून म्हणाला, "आत्या, तुझ्या सैपाकघरात मका आलाय." आक्का म्हणाल्या, "येऊ दे. चांगला आलाय."

ओटी आडाची भरली. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी. नारळ तिथंच वाढवून सगळ्यांना खोबरं वाटलं. नवऱ्याला तिथला एक दगड आठवण म्हणून हवा होता, तो आक्कांनी परत ठेवायला लावला. "न्यायचं ते भावांनी तवाच न्हेलं." आठ वाजता ट्रॉलीत बसून वर.

तर माझा प्रश्न. तुमच्यापैकी कुणी घरातल्या मोठ्या माणसाला त्यांच्या लहानपणीच्या गावी नेलंय का? काय फसलं, काय जमलं, लिहा. आणि आमच्यासारखं सरप्राईज कुणी दिलं असेल तर हात वर करा, नवऱ्याला जरा बरं वाटेल.

---

भीमाथडी
९ जून २०२४, रात्री १०:१५

पलीकडच्या तीरावरचा आहे, करमाळा बाजू. आमचंही गाव गेलं. आजी नदीचं पाणी कसं होतं ते सांगायची, तेवढीच आठवण. चिलापी हा मासा तिनं धरण झाल्यावर पहिल्यांदा बघितला, आणि आता उजनीचा मासा म्हटलं की लोकांना चिलापीच माहीत!

ज्यांना लेख वाचून उद्याच निघावंसं वाटेल त्यांच्यासाठी. गाळ वरून वाळलेला दिसतो, खाली पाण्याच्या कडेला दलदल असते. खपली फुटली की माणूस मांडीपर्यंत जातो आणि एकट्याला निघता येत नाही. जनावरं अडकून मेलेली पाहिलीत. जिथं पीक आहे किंवा ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आहेत तिथूनच चाला, आणि गावातला माणूस बरोबर असल्याशिवाय नकोच. मे-जूनमध्ये दुपारनंतर वारं कधी सुटेल सांगता येत नाही, त्यामुळं पाण्यात तर अजिबात नको. आक्कांनी पहाट निवडली ती बरोबर निवडली. त्यांना माहिती होतं.

---

नेमकं बोला
९ जून २०२४, रात्री ११:०२

सुंदर लिहिलंय. सवयीप्रमाणे दोन बारीक गोष्टी.

उणे टक्के म्हणजे काय हा घोळ बऱ्याच जणांचा होतो. उजनीत एकूण साधारण ११७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यातलं ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, उरलेलं ५३ टीएमसीच्या वर ते उपयुक्त. टक्केवारी या उपयुक्त पाण्याची मोजतात. ते संपलं की शून्य, त्याखाली उणे. यंदा उणे साठला टेकलं, म्हणजे मृतसाठ्यातलंही निम्मंच शिल्लक राहिलं. एवढं उतरलं म्हणून गावठाणं दिसली.

दुसरं, पळसदेवच्या देवळाला बातम्यांत सरसकट हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री हा तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. पण काळ्या दगडाचं, चुन्याशिवाय रचलेलं जे दिसेल ते हेमाडपंती म्हणायची आपली रीत पडलीय, आणि त्यातली कित्येक देवळं त्याच्याही आधीची आहेत. इथं तर शिखर विटांचं आहे. इतकी वर्षं पाण्यात आत-बाहेर करून ते उभं आहे हे बघायला माणसांनी जरूर जावं, पण वर चढू नये.

---

तिरकं
१० जून २०२४, सकाळी ८:२०

सगळे छान छान म्हणतायत म्हणून मी जरा वेगळं बोलतो. सत्तरीच्या बाईला ट्रॉलीत घालून गाळात न्यायचं, तेही जवळच माणसं बुडून बारा दिवस झालेले असताना? काही झालं असतं तर हाच धागा वेगळ्या नावानं निघाला असता. शिवाय हे जे "मुळांकडं परत" प्रकरण आहे ते बहुतेक वेळा मुलांना हवं असतं. म्हातारी माणसं आपली टीव्हीसमोर सुखी असतात.

---

काटेसावर
१० जून २०२४, सकाळी ९:०५

@तिरकं, पहिल्या फेरीबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. ती आम्हालाच हवी होती. दुसरी आक्कांनी ठरवली, ट्रॅक्टर त्यांनी सांगितला, आम्ही फक्त आमच्या गाडीत पेट्रोल भरलं. ट्रॉली पाण्यापासून लांब होती आणि भाचा रोज तिथं जातो. आणि आक्का टीव्हीसमोर सुखी नसतात, मालिकेतल्या सासवांना शिव्या देत असतात.

---

निळी खुर्ची
१० जून २०२४, दुपारी १:३०

तुम्हाला आड तरी सापडला. आमचे आजोबा कोयनेच्या खोऱ्यातले. शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्यात, गाव गेलं तेव्हा ते तिशीत होते. त्यांना रायगडात जमीन मिळाली, सगळं घर तिकडं हललं. ६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे भूकंप झाला, कोयनानगर पडलं. तेव्हा त्यांनी म्हटलं होतं म्हणे, बरं झालं निघालो. पण ते रोज संध्याकाळी न चुकता पूर्वेला तोंड करून बसायचे.

२००९ मध्ये वडिलांनी त्यांना तापोळ्याला नेलं. बोटीत बसवलं. कोयनेचं पाणी उजनीसारखं पसरट नाही, खोल दरीत भरलेलं आहे, तिथं गाव वर येतच नाही. बोटवाला म्हणाला, बाबा, तुमचं गाव अंदाजे इथं. आजोबांनी खाली पाण्याकडं बघितलंच नाही. वर डोंगराकडं बघत होते. कड्याचा आकार, खिंड, कुठं झाडी दाट. मग बोटवाल्याला म्हणाले, "अजून थोडं डावीकडं घे. आमच्या परड्यातून तो सुळका दोन बोटं दिसायचा." बोट हलवली, पुन्हा हलवली, शेवटी हात वर केला: "हां." इंजिन बंद करायला लावलं. दहा मिनिटं बसलो तसेच. मी तेव्हा दहावीत, मला सारखं वाटत होतं की आता काहीतरी बोलतील. त्यांनी चंची काढली, पान लावलं, खाल्लं आणि म्हणाले, चला.

फसलेलं म्हणाल तर वडिलांनी त्यानंतर "कसं वाटलं?" हे इतक्या वेळा विचारलं की आजोबा चिडले. विचारू नका, एवढाच माझा सल्ला.

---

उंबरठा
१० जून २०२४, रात्री ८:५०

या धाग्यावर बहुतेक सगळे नेणारे दिसतात. मी नेला गेलेला आहे, तेव्हा ती बाजू ऐका. वय अठ्ठ्याहत्तर. बालपण बडोद्याचं, दांडिया बाजारातलं. वडील नोकरीला तिथं, घरात मराठी, रस्त्यावर गुजराती आणि दोन्हींत भांडता यायचं. एकसष्ट साली पुण्यात आलो ते पानशेतच्या पुराच्या जरा आधी, म्हणजे आमचा मुहूर्त बघा.

गेल्या वर्षी मुलगा, सून, नातवंडं मला बडोद्याला घेऊन गेली. प्रेमानं नेलं, हॉटेल चांगलं, काही म्हणणं नाही. लक्ष्मीविलास राजवाडा दाखवला, कानात ते यंत्र लावून. मला कशाला? आम्ही लहानपणी तो बाहेरूनच बघायचो आणि तेवढाच तो आमचा होता. कमाठीबागेत नेलं (तिला सयाजीबाग म्हणतात, आमच्या घरी कमाठीबागच), तिथलं संग्रहालय मात्र बघून बरं वाटलं. देवमाशाचा सांगाडा अजून टांगलेला आहे. सूरसागराच्या काठी गेलो तर मधोमध शंकराची भलीमोठी मूर्ती उभी. आमच्या वेळी तिथं नुसतं पाणी होतं. नातू म्हणाला, आजोबा, मस्त आहे ना! म्हटलं, हो.

मला काय हवं होतं? आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पायरी होती, तिच्यावर बसून मी गृहपाठ करायचो. ती बघायची होती आणि तिथं एकट्यानं बसायचं होतं, कुणी फोटो न काढता. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळी झोपलेली असताना मी रिक्षा करून गेलो. पायरी आहे. वर मोबाइलचं दुकान झालंय, शटर बंद होतं. बसलो. समोरच्या घरातून एक बाई बाहेर आल्या, माझ्याच वयाच्या, त्यांनी गुजरातीतून विचारलं, कोण हवंय? मी गुजरातीतून सांगितलं, कोणी नको. साठ वर्षांनी तोंडात भाषा आली ती अशी, पटकन. परत आलो तर हॉटेलात हलकल्लोळ, मुलगा पोलिसांत जायच्या बेतात. बोलणी खाल्ली.

तेव्हा नेणाऱ्यांनो, कार्यक्रमात दोन तास रिकामे ठेवा. आणि आधी आम्हाला विचारा की बघायचंय काय. बऱ्याचदा ते नकाशावर नसतं.

---

काटेसावर
१० जून २०२४, रात्री ९:३०

@उंबरठा काका, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्यानं वाचून दाखवला. आक्का म्हणाल्या, "शहाणा माणूस हाय. पर सांगून जायला पायजे हुतं."

---

उंबरठा
१० जून २०२४, रात्री ९:४१

त्यांना सांगा, सांगितलं असतं तर सगळेच आले असते.

---

चाळीतली चिऊ
११ जून २०२४, सकाळी ११:१०

आमचं पाण्याखाली नाही, टॉवरखाली आहे. आईचं बालपण लालबागच्या चाळीत. आजोबा गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा आई नववीत. संप काही सुटला नाही, दोन वर्षांनी खोली विकून सगळे गावी. मागच्या दिवाळीत आईला घेऊन गेले. चाळीच्या जागी फाटक, केबिन, वॉचमन. कुणाकडं जायचंय? फ्लॅट नंबर? आई त्याला समजावत होती की इथं नळ होता, सकाळी चारला पाणी यायचं. वॉचमन बिचारा सोलापूरचा निघाला. म्हणाला, मावशी, आत सोडता येत नाही, कॅमेरा आहे. पण खुर्ची दिली. आई फाटकाबाहेर वॉचमनच्या खुर्चीत अर्धा तास बसली आणि दोघं पाण्याच्या टंचाईवर बोलले.

जमलं म्हणायचं की फसलं, मला अजून ठरवता येत नाही. आई मात्र सगळ्यांना सांगते, मी जाऊन आले.

---

सोमवारचा उपास
११ जून २०२४, दुपारी ४:४५

वडील ब्याऐंशीचे, गुडघे गेलेले, विसरायलाही लागलेत. नांदेडकडच्या गावी न्या म्हणतात रोज. न्यावं का? तिथं आता आमचं कुणी नाही. भीती अशी की तिथं गेल्यावर आजी-आजोबा कुठं आहेत विचारतील.

---

निळी खुर्ची
११ जून २०२४, संध्या. ६:२०

@सोमवारचा उपास, अवघड आहे. आमच्या आजीच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं होतं की विसरणाऱ्या माणसाला लांबचा प्रवास आणि नवी झोपायची जागा जास्त त्रास देते, आणि संध्याकाळी गोंधळ वाढतो. तुमच्या डॉक्टरांना विचाराच. आम्ही मग आजीला नेलं नाही, गावाकडच्या एकाला फोनवर तिच्याशी बोलायला लावलं. फक्त पिकाबद्दल. रोज पाच मिनिटं. ती "जाऊन आले" असंच समजायची.

---

भीमाथडी
११ जून २०२४, संध्या. ७:००

शौचालयाचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. म्हातारी माणसं प्रवासात पाणी पीत नाहीत ती याच कारणानं, आणि मग उन्हात चक्कर येते. कुठं थांबणार ते आधी ठरवून त्यांना सांगून ठेवा, म्हणजे पितात. कमोडची खुर्ची मिळते ती डिकीत टाका. सरप्राईज द्यायचंच असेल तर हे द्या.

---

तिरकं
११ जून २०२४, रात्री १०:१०

माझे शब्द थोडे मागे घेतो. आज आईला विचारलं, लहानपणीचं काही बघायचंय का. मला वाटलं नाही म्हणेल. तिनं पटकन सांगितलं: मिरज स्टेशन. गाव नाही, घर नाही, स्टेशन. तिथं नॅरोगेजची गाडी बदलून पंढरपूरला जायचे. आता सगळं ब्रॉडगेज झालं. कधी जायचं विचारलं तर म्हणाली, "तुला वेळ असेल तेव्हा," म्हणजे या रविवारी.

---

नेमकं बोला
११ जून २०२४, रात्री १०:३२

बार्शी लाईट, त्या नॅरोगेजचं नाव! तिचं टोक मिरजेला होतं. आईंना विचारून गाडीला किती वेळ लागायचा ते जरूर लिहा.

---

काटेसावर
६ ऑगस्ट २०२४, रात्री ८:१५

धागा वर काढते, कारण बऱ्याच जणांनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) विचारलं की आता जाता येईल का. नाही. पुण्याकडं जुलैत जो पाऊस झाला त्यानं दौंडवरून पाणी आलं आणि उजनी शंभर टक्के भरली, खाली नदीत सोडायला लागले. जिथं ट्रॉली उभी होती तिथं आता काही दिसत नाही. भाच्याचा मका वेळेत निघाला, कडबा वर आणून ठेवलाय.

त्या दिवशी नवऱ्यानं शेवटी एकच फोटो काढला होता, आक्कांच्याच परवानगीनं: दगडातली खाच. माणूस कुणी नाही त्यात. तो मोठा करून आणला, तर आक्का म्हणाल्या भिंतीवर नको. मैत्रिणीला पाठवला. तिचा फोन आला की ही तुझी नाही, माझी आहे. भांडण अजून चालू आहे.

परवा बातम्यांत धरण भरल्याचं सांगत होते. नवरा म्हणाला, आक्का, गेलं बघ परत सगळं पाण्यात. आक्का गवार मोडत बसल्या होत्या. बहात्तरला हाच आड कोरडा पडला होता, दोघी मैत्रिणी दुष्काळी कामावर खडी फोडून परत येताना नदीत झिरे उकरून पाणी आणायच्या, हे त्यांनी ट्रॉलीत सांगितलं होतं. मान वर न करता म्हणाल्या, "आडाला पाणी आलं म्हण की."

---

भीमाथडी
६ ऑगस्ट २०२४, रात्री ८:५५

मामींना विचारा, कडबा विकायचा आहे का. आमच्याकडं यंदा कमी पडणार.